खूण सांगून न्यावा

अब्बांच्या जनाज्याच्या नमाजीआधी माझा भाऊ मुजफ्फर पुढे झाला आणि रीतीप्रमाणे त्यानं जमलेल्यांना सांगितलं, नासिर मिस्तरींकडे कुणाचं काही राहिलं असेल तर आमच्याकडे या, आम्ही देऊ. बायका घरीच असतात, त्यामुळे हे मला त्यानं नंतर सांगितलं. कुणी काही बोललं नाही, हेही सांगितलं. सांगताना त्याचा आवाज थोडा ताठ झाला होता. मलाही बरं वाटलं. कुणाचं काही न ठेवता बाप गेला.

आतल्या खोलीत इद्दतीत, नवऱ्यामागच्या चार महिने दहा दिवसांच्या एकांतात, बसलेल्या अम्मीनं ते ऐकलं आणि म्हणाली, "वो मोबाइल है ना."

मोबाइल अब्बांच्या कपाटात, स्वच्छ फडक्यात गुंडाळलेला होता. निळ्या कव्हरचा, स्वस्तातला. नेरच्या बस स्टँडमागे अब्बांचं फवारणीचे पंप दुरुस्त करायचं दुकान. गेल्या वर्षीचा हंगाम संपल्यावर दुकान आवरताना जुन्या पंपांच्या ढिगामागे तो त्यांना सापडला. चार्ज केल्यावर सुरू झाला, पण सिमकार्ड बंद पडलेलं आणि स्क्रीनला लॉक. हंगामात दिवसाला किती माणसं येऊन जात, त्यांपैकी कुणाचा, हे कळायला मार्ग नव्हता.

अब्बांच्या दृष्टीनं मार्ग एकच होता. सापडलेली वस्तू अमानत असते, दुसऱ्याची ठेव. वर्षभर तिचा पुकारा करायचा, तोही मशिदीच्या आत नाही, दाराबाहेर, बाजारात, माणसं जमतात तिथे. वस्तू कशी आहे ते आपण सांगायचं नाही, मालकानं सांगायचं. वर्षात कुणी आलं नाही, तर मालकाच्या नावानं गरिबाला देऊन टाकायची.

त्यामुळे दर शुक्रवारी नमाजीनंतर ते मशिदीच्या दाराबाहेर उभे राहत आणि आठवडी बाजारात वामनरावांच्या चहाच्या गाडीजवळ. "एक मोबाइल सापडला आहे. ज्याचा असेल त्यानं खूण सांगून न्यावा." मी अमरावतीहून सुटीत आले होते तेव्हा एकदा हे पाहिलं. गाडीवरची माणसं वाटच बघत असायची.

"मिस्तरी, माझाच हाय तो," वामनराव म्हणाले.

"खूण सांगा."

"लय दिवसाचा वाजला नाही, हेच खूण."

"तुमचा तर रोज वाजते, वामनराव. उधारीवाले सोडतात का तुमाले?"

सगळे हसले. अब्बाही हसले आणि पुढच्या कोपऱ्यावर जाऊन पुन्हा तेच म्हणाले. काही जण खरोखर मागायला येत. अब्बा खूण विचारत आणि परत पाठवत.

वर्ष पूर्ण व्हायच्या आत, उन्हाळ्यात, अब्बा गेले. उरलेले महिने पुकारा आपण करायचा, असं मुजफ्फरनं आणि मी ठरवलं. अब्बांचा हिशेब स्वच्छ राहायला हवा होता.

तिसऱ्या दिवसाची जियारत होऊन गेली आणि एका सकाळी दारात एक बाई आली. तिशीची असेल. डोक्यावर पदर, हातात कापडी पिशवी. ती उंबऱ्याच्या बाहेरच बसली.

"मी मैनाबाई. तांड्यावरून आली," ती म्हणाली. "मिस्तरी गेले, ऐकलं. त्यायच्या पोरानं पुकारलं म्हणे, कोनाचं काही असन तर या. म्हणून आली."

मुजफ्फर बाहेर आला. "तुमचं काय होतं अब्बांकडे?"

"मोबाइल. माह्या मालकाचा. लखीरामचा." थोडं थांबून ती म्हणाली, "मी एकडाव आलती दुकानात. मिस्तरीनं परत पाठोलतं."

मुजफ्फरनं माझ्याकडे पाहिलं. मी तिला आत बोलावलं. ती आली, पण सतरंजी सरकवून फरशीवर बसली. लखीराम कुठे आहेत, असं मी विचारलं. विचारतानाच उत्तर मला कळलं असावं.

"फवारणीनं गेला. गेल्या साली."

गेल्या साली आमच्या जिल्ह्यात पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, माणसाच्या डोक्यावर गेली होती आणि त्या पऱ्हाटीत शिरून फवारणी करणारी माणसं एकामागून एक दवाखान्यात गेली. अमरावतीत पेपर वाचून मी अब्बांना फोन केला होता. तुम्ही सांगता ना लोकांना, असं विचारलं होतं. "प्रत्येकाला सांगतो, बेटी," ते म्हणाले होते. "तोंड बांध, वाऱ्याकडे पाठ ठेव, आल्यावर आंघोळ कर. सांगितल्याशिवाय पंप हातात देत नाही." त्यानंतर थोड्याच दिवसांत त्यांनी पंप घेणं बंद केलं. का, म्हटलं तर हात थकले म्हणाले. फक्त विहिरीच्या मोटरी दुरुस्त करू लागले.

मैनाबाई सांगत होती. लखीराम दुसऱ्यांच्या शेतात रोजानं फवारणीला जायचा. पेट्रोलवर चालणारा फवारणीचा पंप स्वतःचा. पंप बिघडला म्हणून नेरला घेऊन आला, संध्याकाळी परत गेला, दुसऱ्या दिवशी पऱ्हाटीत उतरला. दुपारी त्याला दिसेनासं झालं. दवाखान्यात नेला तेव्हा फोनची आठवण झाली, तर तो एवढंच म्हणाला, फोन नेरले राह्यला. कुठे राहिला हे सांगायच्या आत त्याची बोली बंद झाली.

"नेरात पाहू कुठी?" ती म्हणाली. "औषधाच्या दुकानात गेली, स्टँडवर गेली. मंग बाजारात मिस्तरीचा पुकारा ऐकला."

"मग अब्बांनी दिला का नाही?" मी विचारलं.

"खूण चुकली म्हणे."

मुजफ्फर मला आत घेऊन गेला. आतल्या खोलीत अम्मी पलंगावर बसून ऐकतच होती.

"आपा, देना नहीं," तो हळू आवाजात म्हणाला. "मी तेव्हा दुकानात होतो. तिनं काळा सांगितला, रबर लावलेला सांगितला. हा निळा आहे, रबरही नाही. अब्बांनी नाही म्हटलं होतं."

"अब्बा चुकले असतील तर?"

"चार लोकांसमोर परत पाठवलं तिला. आज आपण दिला तर लोक काय म्हणतील? मिस्तरीनं विधवेचा फोन दाबून ठेवला, असंच म्हणतील ना?"

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. मी अम्मीकडे पाहिलं. तिच्या बोटांत तसबीह होती, पण मणी पुढे सरकत नव्हते. "लोगां की बात छोड," ती म्हणाली. "तेरे अब्बा को वहाँ जवाब देना है."

मी कपाट उघडलं, फडकं घेऊन बाहेर आले आणि मैनाबाईला म्हटलं, "मिस्तरींना काय खूण सांगितली होती, ती मला सांगा."

"काळा व्हता. मांगचं झाकण पडे, म्हणून रबर लावे तो. काळं रबर, सायकलच्या ट्यूबीचं कापलेलं."

मी फडकं सोडलं. निळं कव्हर पाहून तिचा चेहरा पडला. तिनं हात पुढे केला नाही. "नाही बाई, हा नोय," ती म्हणाली आणि पिशवी उचलायला लागली.

"थांबा," मी म्हटलं.

अब्बांनी फोन चार्ज केला, पुसला, फडक्यात गुंडाळला. पण कव्हर काढलं नव्हतं, हे मला ठाऊक होतं. दुसऱ्याची वस्तू राखायची, उघडायची नाही. मी नखानं कव्हरची कड उचलली. कव्हर निघालं आणि त्याच्याबरोबर फोनचं मागचं झाकणही निघून माझ्या मांडीवर पडलं. काळं होतं. कडेला रबराचा एक तुकडा उन्हानं वितळून चिकटून बसला होता.



मैनाबाईनं झाकण हातात घेतलं आणि त्या रबरावरून अंगठा फिरवला. "कव्हर घेतलं व्हय त्यानं," ती म्हणाली. "म्हणे मले, नेरले गेलो का घेतो. घेतलं." 

फोनमध्ये काय हवंय, असं मी विचारलं. पोरीला बापाचा आवाज ऐकवायचा होता. पोर लहान आहे, तिला बाप आठवत नाही, आणि घरात त्याचा फक्त आधार कार्डावरचा फोटो आहे. लॉक कसं उघडायचं ते तिला सांगता येईना. पण चार्जरला लावून सुरू केलेला फोन हातात दिल्यावर तिनं बोट वरून खाली नेलं आणि मग आडवं. फोन उघडला.

शेवटचा व्हिडिओ आमच्या दुकानातला होता.

मी तो लावला आणि फोन आमच्या दोघींच्या मध्ये धरला. अब्बा. बनियन, खांद्यावर तेलकट फडकं. समोर बाकावर पंप. त्यांनी दोरी ओढली, पंप चालू झाला नाही. फोन धरणारा माणूस हसला. "मिस्तरी, हा म्हातारा झाला, मी पहिलेच म्हटलं व्हतं."

"लखीराम," मैनाबाई म्हणाली. माझं मनगट तिनं घट्ट धरलं होतं.

"म्हातारा तुझा सासरा," अब्बा म्हणाले. "पाह्य आता." त्यांनी पुन्हा दोरी ओढली. पंप धडधडला आणि नळीतून पाण्याचं बारीक धुकं दुकानाबाहेरच्या उन्हात पसरलं. अब्बांनी नळी हवेत फिरवली. काम जमलं की त्यांचे खांदे असे हलायचे. "थेंब दिसते का? धुकं हाय धुकं! पानाच्या मांगून जाईन हे."

"लय भारी, मिस्तरी!"

त्यानंतर पंपाच्या आवाजात काही ऐकू येईना. अब्बा कॅमेऱ्याकडे वळले, काहीतरी बोलले, आणि त्यांचा हात तोंडाकडे गेला. मिशी पुसली की तोंड झाकून दाखवलं, कळलं नाही. तिथेच व्हिडिओ संपला.

मी तो पुन्हा लावला. मैनाबाई लखीरामचं हसणं ऐकत होती. मी अब्बांचे ओठ बघत होते. तिसऱ्यांदा लावला तेव्हा मुजफ्फरही मागे येऊन उभा राहिला.

"काय म्हणून राह्यले मिस्तरी?" मैनाबाईनं विचारलं.

तोंड बांध म्हणतायत, असं मला सांगता आलं असतं. "ऐकू येत नाही," मी म्हटलं.

ती स्क्रीनकडे बघत राहिली. "तोंड बांध म्हणत असन," ती म्हणाली. "त्या दिवशी तोंड बांधून गेलता तो. कधी बांधत नोता, जीव घाबरते म्हणे. म्या इचारलं, आज काहून? तर म्हणे, मिस्तरीनं बजावलं."

मुजफ्फरनं खोल श्वास घेतला. मलाही हलकं वाटलं. अब्बांनी सांगितलं होतं.

"रुमाल पार भिजलता," ती पुढे म्हणाली, तशाच आवाजात. "धुकं बारीक, सगळं त्याच्यातच बसलं. दिसभर तोच रुमाल नाकातोंडावर. दवाखान्यात सोडला तं सालटं निघून आलं व्हटाचं. डॉक्टर म्हणे, ह्यानं तर औषध तोंडालेच बांधलं."

 बाहेर सायकलवाला भंगार मागत गेला.

मैनाबाईनं झाकण बसवलं, वरून निळं कव्हर चढवलं आणि फोन पिशवीत ठेवला. मग काहीतरी आठवून तिनं तो पुन्हा बाहेर काढला. "तुमच्या अब्बाचा आवाज हाय ह्याच्यात," ती म्हणाली. "तुमाले नाही पाह्यजे?"

तिनं कुठल्याही रागानं विचारलं नव्हतं. मी व्हिडिओ माझ्या फोनमध्ये घेतला. तो अजून आहे.

जाताना मुजफ्फर तिला स्टँडपर्यंत सोडायला गेला. पुढच्या शुक्रवारी तो मशिदीबाहेर आणि नंतर बाजारात उभा राहिला, आणि मोबाइलचा मालक सापडला, वस्तू दिली, असं त्यानं जाहीर केलं. वामनरावांनी विचारलं, कुणाचा होता. तांड्यावरच्या लखीरामचा, फवारणीत गेला तो, मुजफ्फर म्हणाला. वामनरावांनी गाळणी खाली ठेवली आणि त्या दिवशी त्याच्याकडून चहाचे पैसे घेतले नाहीत.

पण मैनाबाई गेली त्या सकाळचं सांगायचं राहिलं. मी आत गेले तेव्हा अम्मी पलंगाच्या कडेला येऊन बसली होती. मधला पडदा जाड आहे आणि मैनाबाई हळू बोलत होती. अम्मीला सगळं ऐकू गेलं नसावं.

"दे दिया?"

"हो."

"कुछ बोली तेरे अब्बा के बारे में?"

"बोली. त्यांनी तोंड बांधायला सांगितलं होतं. लखीरामनं ऐकलं होतं."

अम्मीनं डोळे मिटले. "अल्हम्दुलिल्लाह," ती म्हणाली, आणि तिच्या बोटांतला मणी पुढे सरकला. मग पुढचा. मी तिच्याजवळ बसून राहिले आणि बाकीचं सांगितलं नाही.