थंडीची भर

कॅप्टन गावरिलविचने आठवड्यापूर्वी सगळ्यांसमोर कुन्नेईचा पाणउतारा केला होता. "मी सांगितल्याशिवाय कागदावर एक मीटरसुद्धा वाढवायचा नाही. सहवैमानिक आहेस, माझी सासू नाहीस!" तेव्हापासून दोघांत अबोला. कॉकपिटच्या एवढ्याशा खोपटात खांद्याला खांदा लावून बसायचं, आणि कामापुरतंही बोलायचं नाही. धन्य आहे!

आज सैबेरियातल्या याकूतियात उणे अठ्ठेचाळीस अंश. अशा गारठ्यात हवा आकसते आणि उंचीचा काटा धडधडीत खोटं बोलतो. विमान असतं खाली, तो दाखवतो वर. म्हणून डोंगर ओलांडायच्या उंचीत सहवैमानिकाने थंडीची भर घालून आकडा लिहायचा, आणि कॅप्टनने "भर घेतली" असं मोठ्याने म्हणायचं. सहाशेवर चांगली पावणेदोनशे मीटर.

कुन्नेईने नुसते सहाशे लिहिले. घ्या, तुमचाच हुकूम! विचारू दे ना त्याला, भर कुठाय म्हणून. मग सांगते.

गावरिलविचने कागद पाहिला, नाक फेंदारलं आणि विमान ढगात घातलं. "भर घेतली" काही म्हणाला नाही. काटा सहाशेवर येऊन थांबला.

म्हणजे खरे जेमतेम साडेचारशे, आणि समोरचा डोंगरही तेवढाच. मागे चौदा माणसं बसली होती, त्यांत एक तान्हं बाळ. बोल की गं बये! पण जीभ हलेना. आपण आधी बोललो तर हा मेला जन्मभर मिरवेल.

ढग विरळ झाले. चाकांखाली झाडांचे शेंडे होते.

"वर! भर नाही घातलेली, वर घ्या!"

तिचं वाक्य संपायच्या आत त्याने विमान खेचलं होतं. विमानाच्या पोटाशी काहीतरी खरवडत गेलं.

उतरल्यावर मेकॅनिकने चाकातून सूचिपर्णीची फांदी ओढून काढली, दोघांकडे पाहिलं आणि थुंकून निघून गेला.

"केव्हा कळलं तुला?" गावरिलविचने विचारलं.

"लिहितानाच."

"आणि गप्प बसलीस? चौदा जीव घेऊन?"

"तुम्ही विचाराल म्हणून थांबले."

त्याने हातमोजे चढवले. "मलाही कागद बघताक्षणी कळलं होतं," तो म्हणाला. "म्हटलं, बघू तरी, ही आधी तोंड उघडते का."

कुन्नेईच्या ओठांवर शिवी आली होती. पण कुठल्या तोंडाने देणार?