माझ्या वाट्याचे मेण

मी लुजेंदा नदीकाठच्या रानातली एक म्हातारी पक्षीण आहे. माझा जन्म वेड्या राघूच्या बिळात झाला, कारण आईने अंडे तिथे टाकले आणि ती निघून गेली. माणसांना मधाची पोळी दाखवणे हा माझा धंदा. मध मात्र मला आवडत नाही. शी! पिसांना लागला की दिवसभर सुटत नाही. मला हवे असते मेण आणि त्यातल्या गुबगुबीत अळ्या.

पण मित्रांनो, ढोलीतले पोळे मला फोडता येत नाही. माश्या डसून मारतील. म्हणून माणसे लागतात. मध काढणारा इसुफो "ब्रर्र-हं" अशी हाळी देतो, मी ओरडत पुढे उडते. मग तो धूर करतो, झाड फोडतो आणि घामाघूम होऊन बोटे चाटतो. दाढीला मध, मधात मेलेल्या माश्या! बघवत नाही. जाताना मात्र तो माझे मेण हिरव्या पानावर ठेवायचा. त्या मेणासाठी मी इतकी वर्षे ही किळस गिळत आले.

यंदा फुले कमी, पोळीही कमी. त्यात इसुफोचा भाचा बकारी सोबत आला. पानावरचे मेण पाहून उलट त्यानेच नाक मुरडले.

"शी! अळ्यांसकट खाते? उपाशी ठेवली की उद्या झक मारत येईल."

मामा नदीवर हात धुवायला गेला, तेवढ्यात त्याने माझे मेण पुरून टाकले.

दुसऱ्या दिवशी त्याच झाडापाशी दोघांनी हाळ्या दिल्या. भरलेले एक पोळे मला ठाऊक होते, पण मी गप्प बसले. दुपार टळली. त्यांचे डबे रिकामे, माझे पोट रिकामे.

"काल मेण ठेवलंस ना रे?" इसुफोने विचारले.

बकारी मान खाजवू लागला. "पुरलं, मामा."

"गाढवा! बायकोच्या गावात राहून सासूच्या शेतात राबतोस ना? सासूनं तुझा घास पुरून ठेवला, तर दुसऱ्या दिवशी तिचं शेत खणायला जाशील का?"

बकारीने निमूट माती उकरली. मेणाला मुंग्या लागल्या होत्या. नाक दाबून त्याने ते पानावर ठेवले. "गिळ, बाई."

मी मुंग्यांसकट गिळले. फार घाण लागले. मग ओरडत पुढे उडाले.

संध्याकाळी बकारी बोटे चाटत माझ्याकडे पाहत होता आणि मी मेण खात त्याच्याकडे. दोघांनीही नाके मुरडली.

मित्रांनो, आम्हा रानातल्यांवर माया करा, असे मी म्हणणार नाही. खुशाल नाक मुरडा. फक्त उठताना माझे मेण पानावर ठेवा.