उतारावरून आलेली ओ

दोन हजार तीनच्या मार्चमध्ये गगनबावड्याजवळच्या डोंगरात मी वाऱ्याच्या नोंदी घेत होते. उतारावरचा वारा दिवसा चढता असतो आणि सूर्य कलला की उतरता होतो. मधे थोडा वेळ तो थांबतो. ही वेळ वणवा आवरणाऱ्यांना आधी सांगता येईल का, एवढाच माझ्या अभ्यासाचा प्रश्न होता.

त्या दिवशी तो प्रश्न अंगावर आला. कोकणाच्या बाजूने वणवा वर चढत होता. माथ्यावर गवत काढून केलेला मोकळा पट्टा होता आणि पट्ट्यामागे लगेच धनगरांची वाडी. पट्ट्यावरून समोर आग लावायची. ती खाली जाऊन वणव्याला भिडली की दोन्हींना जाळायला काही उरत नाही. पण वारा चढता असताना लावली तर तीच वाडीवर पडणार. म्हणून वारा थांबण्याची वाट बघत आम्ही उभे होतो. वनरक्षक पिराजीच्या हातात पेटती चूड होती.

"पोरी, तुझा वारा कवा थांबणार?" वाडीतले जोतीराममामा म्हणाले. "का त्येला बी सायबाची सही लागती?"

"फीत बघा, मामा. ढिली पडतेय."

काठीला बांधलेली फीत लोंबली. धूर सरळ उभा राहिला. एक पाखरूही ओरडत नव्हतं.

"आता लावा!" मी म्हणाले.

"दम धर. हाळी देऊ दे."

इकडे आगीआधी उताराला हाळी देतात. खाली कुणी गवताला किंवा मधाला गेलं असेल तर ते ओ देतं. ओ आली तर माणूस वर येईपर्यंत आग लावायची नाही.

मामांनी तोंडाशी हात धरले. "कोण हाय का गाऽऽ?"

"ओऽ," खालून आलं.

आवाज बाईचा होता. दमलेला नाही, घाबरलेला नाही. चुलीपाशी बसलेल्या बाईने घरातल्या हाकेला द्यावी तशी ओ.

"वाडीतलं कोण खाली हाय?" पिराजीने विचारलं.

"कोणबी न्हाय. समदी मागं गोठ्यांकडं हाईत."

"मग?"

"मग काय? ओ आली. आग लावायची न्हाय."

"मामा, हवेचे थर गरम-गार झाले की आवाज वाकतो," मी म्हणाले. "मागे वाडीतलं कुणी बोललं असेल. आपल्याला खालून वाटलं."

"मग इचार की तिला, कुठं हाय ती."

मी ओरडले, "कुठं आहात तुम्ही?"

"ओऽ."

या वेळी जवळून.

खाली कारवीने पेट घेतला. फीत अजून लोंबत होती, पण फार वेळ नाही.

"थांबलो तर वाडी जाईल, मामा."

"आन् लावली तर ती." त्यांनी पिराजीच्या हातून चूड घेतली आणि माझ्यापुढे धरली. "तुझी खात्री हाय न्हवं? मग तूच लाव."

मी लावली. ज्वाळा वाकल्या त्या खाली, वणव्याकडे. वाऱ्याचा अंदाज बरोबर निघाला. मी कान देऊन ऐकत राहिले. उतारावरून किंकाळी आली नाही, काहीच आलं नाही. अंधार पडेपर्यंत दोन्ही आगी एकमेकींना भिडून विझल्या.

सकाळी वाडीत विठाबाई भाकरी थापत होत्या. त्यांना मी हाळीबद्दल विचारलं.

"आमी गुरं सोडत हुतो, बाई. हाळी ऐकाया आली, पर आमी कशाला ओ देऊ?"

मग मामा, पिराजी आणि मी उतार उतरलो. राखेत पाय रुतत होते. माणसाचं काही सापडलं नाही, आणि माझा श्वास मोकळा झाला. तेवढ्यात पिराजी थबकला.

दोन आगी जिथे भिडल्या होत्या, बरोबर तिथे पिवळ्या गवताचा एक तुकडा शिल्लक होता. एका माणसाला बसता येईल एवढाच. मी वाकून हात लावला. खाली पाणी नव्हतं, दगड नव्हता. काडी बोटांत कडकन मोडली. ते जळायलाच हवं होतं.

गवत मधोमध दबलेलं होतं. मामांनी माझा दंड धरून मला मागे ओढलं, पण नजर हलवता आली नाही. वारा नव्हता. दबलेली एकेक काडी सावकाश उभी राहत होती.