त्र्याहत्तर अंश, कळवा पूर्व

आमच्या कळव्याच्या शाळेतले भूगोलाचे शिक्षक यंदा निवृत्त झाले आणि नवीन माणूस मिळेपर्यंत आठवी ‘ब’चा भूगोल माझ्याकडे आला. मी विज्ञान शिकवते. आमच्या मुख्याध्यापिका भावना मॅडम म्हणाल्या, पृथ्वी गोल आहे एवढं तुम्हाला माहीत आहे, बाकी सगळं पुस्तकात आहे.

पहिलाच धडा अक्षांश-रेखांशांचा निघाला. मी एका संत्र्यावर स्केचपेनने रेषा काढून वर्गात नेलं. आडवी ती अक्षवृत्तं, उभी ती रेखावृत्तं, आणि दोन्ही मिळून पृथ्वीवरच्या कुठल्याही ठिकाणाचा पत्ता सांगता येतो, असं समजावलं. मुलं संत्र्याकडे मधल्या सुट्टीच्या नजरेने बघत होती. तास संपता संपता सुमितने हात वर केला.

“मॅडम, या रेषा खऱ्या नसतातच ना?”

“काल्पनिक असतात.”

“मग आमचे मार्क खरे कसे कापतात?”

वर्ग हसला, मीही हसले. पण घरी गेल्यावरही प्रश्न डोक्यातून जाईना. रेषा दिसत नाही हे कबूल. पण ती कुठून जाते हे ठरलेलं असतं आणि ते मोजता येतं. नकाशासंग्रह उघडला तर त्र्याहत्तर अंश पूर्व रेखांशाची रेषा ठाण्याच्या टिंबाला जवळजवळ घासून खाली उतरत होती. म्हणजे कळव्याच्या आसपासच. दुसऱ्या दिवशी ऑफिसात आमचे क्लार्क रवींद्रभाऊ यांच्याकडून शाळेच्या माहितीचा सरकारी फॉर्म मागून घेतला. त्यावर सही होती, गोल शिक्का होता, आणि लिहिलं होतं: अक्षांश १९.२०, रेखांश ७३.००.

रेषा आमच्याच पटांगणातून जात होती. मी वर्गात सांगितल्यावर मुलं धडाधड खिडक्यांशी गेली, जणू ती तिथे दिसणारच होती.

मी भावना मॅडमना विचारलं, पटांगणात रंगाने ती रेषा काढू का. त्यांना कल्पना आवडली. शनिवारी शिक्षण विभागाचे एक अधिकारी शाळा बघायला येणार होते, त्यांच्यासमोरच काढू म्हणाल्या. तोवर मी ती पटांगणात खडूने आखून ठेवली. वर त्यांनी एक शब्दही दिला. साहेबांना पसंत पडलं तर आठवड्यातला एक तास मला मुलांना वर्गाबाहेर न्यायला मिळेल. नाही पडलं, तर पुन्हा पुस्तक आणि फळा. अकरा वर्षं मी असा तास मागत होते. प्रत्येक वेळी उत्तर मिळायचं, बाहेर गेलेली मुलं शिकत नाहीत, उनाडतात.

शुक्रवारी मधल्या सुट्टीत मृणाल स्टाफरूमच्या दाराशी येऊन उभी राहिली. ही शाळेच्या मागच्या चाळीत राहते. वर्गात फार बोलत नाही, आणि घर इतकं जवळ असूनही रोज उशिरा येते.

“मॅडम, एक सांगू? रागावणार नाही ना?”

तिने सांगितलं ते असं. आपलं घर बहात्तरात येतं की त्र्याहत्तरात हे तिला बघायचं होतं, म्हणून बुधवारी आईचा फोन घेऊन ती निघाली. शाळेच्या फाटकात आकडा आला ७२.९९८३. फोन बिघडला असेल म्हणून तिने गुरुवारी काकांचा आणला. तोच आकडा. मग आकडा बघत बघत चालत गेली, तर ७३ आला तो थेट तिच्या आजीच्या ओट्यावर.

“दोन दिवस का नाही बोललीस?”

“तुम्ही खडूची रेष मारून ठेवलेली ना.”

मी पटांगणात जाऊन माझ्या फोनवर पाहिलं, मग आणखी दोघांचे फोन मागून घेतले. फोन पाच-दहा मीटर इकडेतिकडे दाखवतो, ते चालतं. पण आपल्याकडे एक अंश म्हणजे साधारण एकशे पाच किलोमीटर. त्यातला ०.००१७ काढला की एकशे ऐंशी मीटर होतात. एवढी चूक फोनची नव्हती. रवींद्रभाऊंना विचारलं, तर ते शांतपणे म्हणाले, फॉर्ममध्ये टिंबानंतर दोनच चौकोन होते. बसेल तेवढं बसवलं.

७२.९९८३ दोन चौकोनांत बसवलं की ७३.००च होतं. चूक त्यांची नव्हतीच. दोन दशांश स्थळांच्या आकड्यावरून तेवढीच अचूकता मिळते, हे मी दरवर्षी नववीला शिकवते आणि त्याचे मार्कही कापते. या वेळी मात्र मी शिक्का बघितला आणि भुलले.

मी भावना मॅडमकडे गेले. त्यांनी सगळं ऐकून चष्मा काढला. कार्यक्रमपत्रिका छापून झाली होती.

“क्षिप्रा मॅडम, दोनशे मीटरने पृथ्वीचं काय बिघडतं? साहेब काय फोन काढून मोजणार आहेत?”

“मृणालने मोजलंय ना,” मी म्हटलं.

त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मग म्हणाल्या, पाहुण्यांना फाटकाबाहेर फिरवायचं तर जबाबदारी तुमची. गोंधळ झाला तर बाहेरच्या तासाचं नाव पुन्हा काढायचं नाही.

संध्याकाळी मी मृणालबरोबर चाळीत गेले. तिची आजी, भीमाबाई, ओट्यावर लसूण सोलत बसल्या होत्या. मी सगळं सांगितलं: लंडनजवळून शून्याची रेषा निघते, तिथून पूर्वेला मोजत आलं की त्र्याहत्तरावी तुमच्या दारात येते, आणि उद्या ती रंगवायला तुमची परवानगी हवी. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो रस्तारुंदीचा. रेष मारली की मागून नोटीस येते, हा त्यांचा अनुभव होता. ही महापालिकेची रेष नाही हे पटवायला मला दहा मिनिटं लागली.

“मग कोणाची?”

“कोणाचीच नाही. उत्तर ध्रुवापासून दक्षिण ध्रुवापर्यंत जाते.”

“आणि मधी माझा ओटा.” त्यांनी मागे वळून घराकडे बघितलं. “म्हणजे मोरी बहात्तरात आणि गॅस त्र्याहत्तरात?”

मृणालने फोन बघून तसंच असल्याचं सांगितलं. शेजारच्या सुमतीबाई दारात येऊन ऐकत होत्या. त्यांनी विचारलं, आमच्यातून नाही का जात? भीमाबाई म्हणाल्या, तुमचं अख्खं घर बहात्तरात आहे, तुम्ही आत जा. मग मला म्हणाल्या, मारा रेष, पण रंग निळा पाहिजे. शाळेने पिवळा आणला होता. निळ्याचा डबा त्यांच्या माळ्यावर निघाला, एप्रिलमधल्या जयंतीच्या वेळचा, अर्धा भरलेला.

शनिवारी साहेब आले. भावना मॅडमनी पटांगणात त्यांना हार घातला आणि मला बोलायला सांगितलं. मी आधी चूकच सांगितली: आकडा कसा गोल झाला, आम्ही कसे फसलो, आणि मृणालने ते कसं पकडलं. पाहुण्यांच्या मागे उभ्या भावना मॅडम माझ्याकडे न बघता झेंड्याच्या खांबाकडे बघत होत्या. साहेब म्हणाले, मग खरी रेषा कुठे आहे ते तरी दाखवा. सुमित पुढे फोन धरून आकडे मोठ्याने वाचत निघाला आणि त्याच्यामागे आम्ही सगळे, हारासकट साहेब, असे फाटकाबाहेर पडलो. ७२.९९९० ला वाण्याच्या दुकानातले लोकही मागे लागले. ७२.९९९७ ला सुमतीबाई चहा घेऊन उभ्या होत्या.

रेषा मृणालने काढली. दोन टोकांना आठ-आठ वेळा मोजून, सरासरी घेऊन, दोरी ताणून. दीड तास लागला. साहेब पूर्ण वेळ थांबले. मुलं एक पाय इकडे, एक पाय तिकडे करून फोटो काढत होती, तोवर भीमाबाई रंग ओला आहे म्हणून सगळ्यांना झाडूने हाकत होत्या. जाताना साहेबांनी मृणालला विचारलं, तुला भूगोल आवडतो का? ती म्हणाली, नाही, पण हे आवडलं.

परत येताना भावना मॅडम माझ्याबरोबर चालत होत्या. त्यांच्या चपलेला निळा रंग लागला होता. फाटकापाशी आल्यावर त्या म्हणाल्या, “बुधवारचा चौथा तास घ्या. मुलांना रांगेत न्या.”

मी हो म्हटलं. त्या आत गेल्या, चार पावलांवर थांबल्या आणि वळून म्हणाल्या, “आणि ती आडवी रेषा. एकोणीस पूर्णांक दोनची. ती तरी शाळेतून जाते का?”

“मोजून सांगते,” मी म्हटलं.