सरळ केलेलं उत्तर

कामगार न्यायालयातल्या त्या खोलीत वकीलबाई नेहमी एकाच जागी बसत. तिथून साक्षीदाराचा चेहरा, न्यायाधीशांचा चेहरा आणि टेबलावरचा संगणकाचा पडदा, तिन्ही मान न वळवता दिसत. अकराव्या वर्षी तापात त्यांचे दोन्ही कान गेले होते. बोलणं राहिलं होतं, फक्त आवाजातला चढउतार हरवला होता.

खोलीत जे बोललं जाई ते त्यांची ताई शेजारी बसून टाइप करायची आणि ते पडद्यावर उमटायचं. ताईचा पेशा मुद्रितशोधनाचा. बोटं वेगवान आणि नजर अशी, की हॉटेलचा मेनूसुद्धा ती पेन हातात धरूनच वाचायची.

मालकांच्या वकिलांनी सुरुवातीलाच हरकत घेतली. "साहेब, व्यक्तिशः मला बाईंबद्दल आदरच आहे. पण कान एकीचे आणि तोंड दुसरीचं, अशी उलटतपासणी मी उभ्या जन्मात पाहिली नाही. मधल्या मधे काय बदलेल, कोण जाणे."

"आज होऊन जाऊ दे," न्यायाधीश म्हणाले. "गोंधळ झाला, तर मात्र अर्जदाराला दुसरा वकील द्यावा लागेल."

अर्जदार, म्हणजे कागद कारखान्यातला कटरवाला, मागच्या बाकावर एकदम ताठ झाला. कटरची संरक्षक जाळी त्यानेच काढली, त्यामुळे सोबत्याची बोटं गेली, असं ठरवून त्याला कामावरून काढलं होतं. सकाळीच तो म्हणाला होता, "मॅडम, तेवढं दुसऱ्याच्या गळ्यात मारू नका मला. आधीच्या वकिलाने माझं एकदाही ऐकून घेतलं नाही."

"मला तर ऐकूच येत नाही."

"तुम्ही निदान बघता तरी माझ्याकडे."

कारखान्याचा सुपरवायझर साक्षीला पिंजऱ्यात उभा राहिला. त्याची उत्तरं ऐकून न्यायाधीश ती आपल्या शब्दांत टंकलेखकाला सांगत आणि तीच नोंदीत जात. वकीलबाईंनी विचारलं, "माझ्या अशिलाने जाळी काढली, हे तुम्ही स्वतः पाहिलंत?"

पडद्यावर आलं: हो, मी स्वतः पाहिलं.

एवढंच. पण सुपरवायझरचे ओठ बराच वेळ हलत होते. ओठांवरून शब्द ओळखण्यावर वकीलबाईंचा फारसा भरवसा नव्हता. आरशासमोर 'पापा', 'बाबा', 'मामा' म्हणून बघितलं, तर तिन्ही सारखेच दिसतात. ओठांवरून त्या वेळ मोजत. चार शब्दांना इतका वेळ लागत नाही. शिवाय मधे एकदा तोंड उघडं राहून तसंच थांबलं होतं.

त्यांनी कीबोर्ड ओढून घेतला. 'काही गाळलंस?'

ताईने टाइप केलं: 'महत्त्वाचं काही नाही गं. अडखळला, मी वाक्य सरळ केलं.'

'जसंच्या तसं लिही.'

ताईची बोटं क्षणभर अधांतरी राहिली. प्रुफात काय खोडलं ते तिला नेहमीच लक्षात राहायचं. मग ओळ आली: हो, पाहिलं, म्हणजे मी तेव्हा खाली गेलो होतो, वर आलो तर जाळी... हो, मी स्वतः पाहिलं.

वकीलबाई साक्षीदाराकडे वळल्या. "तुम्ही आत्ता म्हणालात, की तुम्ही खाली गेला होतात. मग पाहिलंत कसं?"

"मी असं म्हणालोच नाही."

मालकांचे वकील उठले. "साहेब, आपण टंकलेखकाला सांगितलेल्या साक्षीत असं एक अक्षर नाही. बाईंच्या पडद्यावर काहीतरी भलतंच आलेलं दिसतंय. तो पडदा बघायला मिळावा."

ताईने बहिणीचा हात घट्ट धरला. पडद्यावर तिचीच कबुली होती: मी वाक्य सरळ केलं. एक कळ दाबली, की तो मजकूर पुसला जाणार होता. पुसला, तर खाली गेल्याची गोष्ट कुठेच उरणार नव्हती. दाखवला, तर गोंधळ आयताच सिद्ध होत होता आणि दुसरा वकील ठरलेलाच.

वकीलबाईंनी हात सोडवून घेतला आणि पडदा न्यायाधीशांकडे फिरवला.

मालकांचे वकील वाकून वाचू लागले. त्यांचा चेहरा उजळला. "घ्या! हेच तर मी घसा फोडून सांगत होतो. मदतनीसच साक्ष दुरुस्त करतेय!"

पडदा पलीकडे वळला होता, त्यामुळे हे ताईने हाताच्या खुणांनी बहिणीला सांगितलं. सांगताना तिचे डोळे भरले होते.

"हो, तिने दुरुस्त केलं," वकीलबाई म्हणाल्या. "चूकच झाली. आता ती मान्य करून तिने मूळ वाक्य लिहिलंय. पण साहेब, आपण टंकलेखकाला जे सांगितलंत त्यातही मधला भाग नाही. समोरच्या माझ्या वकील मित्रांनीही तो ऐकला असणार. या खोलीत एवढ्या लोकांना ऐकू येतं. साक्षीदार खाली गेला होता असं म्हणाला की नाही, हे मी कोणाला विचारू?"

न्यायाधीशांनी हनुवटी तळहातात घेतली. बोटांआड ओठ दिसेनासे झाले. ते बोलत होते की नुसतेच विचारात होते, हे वकीलबाईंना कळेना. विचारायला वकीलबाईंनी ताईकडेही पाहिलं नाही.

"साहेब, हात जरा खाली घ्याल?"

मागे कोणीतरी हसलं असावं, कारण कटरवाल्याने रागाने मान वळवली.

न्यायाधीशांनी हात खाली घेतला. मग पडदा स्वतःच वकीलबाईंच्या बाजूला फिरवून ते बोलले आणि ताईने ते लिहिलं. "मी ऐकलं होतं. अडखळणं समजून सोडून दिलं. माझी नेहमीची पद्धत आहे ती." ते टंकलेखकाकडे वळले. "साक्षीदाराचं उत्तर आता पूर्ण लिहा. अडखळण्यासकट."

"साहेब, माझी हरकत–"

"नोंदवली. ताई, तुम्ही मागे बसा. बहिणीसाठी बहिणीने लिहिणं बरं दिसत नाही, आणि तुम्ही भाषा फार सुधारता. टंकलेखक, तुमचा पडदा बाईंकडे वळवा. यापुढे जे बोललं जाईल ते सगळं तसंच लिहायचं. पुढच्या तारखांनाही."

"माझंही?" मालकांच्या वकिलांनी विचारलं.

"तुमचंही. आणि माझंही."

ताई उठली. खुर्ची रिकामी झाली, तसं वकीलबाईंना क्षणभर थंडी वाजल्यासारखं झालं. नव्या पडद्यावरची अक्षरं बारीक होती आणि ओळी उशिरा येत होत्या. त्यांनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला.

"तुम्ही वर आलात, तेव्हा जाळी कुठे होती?"

सुपरवायझरने ओठ उघडले, मिटले आणि मालकांच्या वकिलांकडे पाहिलं. टंकलेखक गोंधळला. काय लिहू, अशा नजरेने त्याने वर बघितलं.

"जे दिसतंय ते लिहा," न्यायाधीश म्हणाले.

आधी न्यायाधीशांचं ते वाक्य पडद्यावर उमटलं, आणि मग त्याच्या खाली: साक्षीदार गप्प आहे.

वकीलबाई पडद्यावरून नजर काढून त्याच्या तोंडाकडे बघत राहिल्या. घाई करायची त्यांना गरज नव्हती.