परत न येणारं नाणं

दुसऱ्यांच्या तोंडात दात बसवण्यात तिची पंचवीस वर्षं गेली होती. तिच्या स्वतःच्या तोंडचं पाणी पळालं ते त्या मंगळवारी.

कवळ्या करण्याचं तिचं दुकान म्हणजे एक लांबट खोली. भिंतीला प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले, खिडकीखाली टेबल आणि कोपऱ्यात दात भाजायची भट्टी. ती भट्टी आता शेवटच्या घटका मोजत होती. नवीसाठी तिने बिटकॉइन विकायला काढलं. धाकट्या बहिणीच्या नादाने कधीकाळी थोडंसं घेऊन ठेवलं होतं.

"थोडं कशाला, सगळंच वीक," बहीण म्हणाली. "दात कोरून पोट भरत नाही, ताई."

"माझं तर त्यावरच भरतं," ती म्हणाली.

ॲपवर गिऱ्हाईक मिळालं. पैसे जमा झाल्याचा बँकेचा मेसेज आला, तिने 'मिळाले' या बटणावर बोट ठेवलं आणि ॲपने तोवर अडवून धरलेलं नाणं त्या माणसाकडे गेलं. चौथ्या दिवशी, म्हणजे त्या मंगळवारी, तिच्या खात्यातून तेवढेच पैसे वजा झाले.

ती हातावरचं प्लास्टर न धुताच बँकेत गेली.

"पाठवणाऱ्याच्या बँकेला व्यवहाराचा संशय आला," काउंटरवरच्या बाई म्हणाल्या. "त्यांनी पैसे परत मागवून घेतले."

"मग माझं नाणंही परत मागवा."

"ते आमच्या हातात नाही हो."

"मग कोणाच्या हातात आहे?"

बाईंनी पेन खाली ठेवलं. "माझ्या माहितीप्रमाणे, कोणाच्याच नाही."

ॲपवाल्यांनीही तेच ऐकवलं: 'मिळाले' असं तुम्हीच कळवलंत, आता आम्ही काय करणार!

संध्याकाळी बहीण आली. तिने फोनवर बिटकॉइनच्या सगळ्या व्यवहारांची जाहीर नोंदवही उघडून दाखवली. आकडे आणि अक्षरांच्या लांबलचक ओळी होत्या.

"ही ओळ बघ. हे तुझं नाणं. त्या माणसाच्या पत्त्यावरच आहे, पुढे हललेलं नाही."

"हे कोणालाही दिसतं?"

"जगात कोणालाही. पण हलवता येतं ते फक्त त्याला."

ती बघतच राहिली. कुलूप नाही, पहारा नाही, भर रस्त्यात ठेवल्यासारखं उघडं. तरी बँका, कोर्टकचेऱ्या, सगळ्यांनी मिळून जोर लावला असता तरी जागचं हललं नसतं. स्वतःचं नुकसान विसरून क्षणभर तिच्या अंगावर काटा आला.

तिने त्या माणसाला ॲपवरून निरोप पाठवला. शिव्या द्याव्यात असं बहिणीचं मत होतं. तिने एवढंच लिहिलं: "तुमच्या बँकेने पैसे परत नेले. तुम्हाला ठाऊक आहे का?" उत्तर आलं नाही. रोज सकाळी दुकान उघडलं की ती आधी ती ओळ बघायची, मग मेण वितळवायचा दिवा पेटवायची.

नवव्या दिवशी ती ओळ बदलली. "गेलं!" ती ओरडली. तिने बहिणीला फोन लावला.

"ताई, पत्ता वाच ना नीट," बहीण म्हणाली. "तुझाच आहे. पूर्ण परत आलंय."

दुपारी त्या माणसाचा फोन आला. तो मालवाहू जहाजावर स्वयंपाकी होता. अनोळखी खात्यात पैसे गेलेले पाहून त्याच्या बँकेने खात्री करायला फोन केले होते, पण तोवर जहाज निघालं होतं आणि भर समुद्रात त्याला रेंजच नव्हती. चोरी समजून बँकेने ट्रान्सफर उलटवली. बंदराला लागल्यावर त्याने तिचा निरोप वाचला.

"पण नाणं परत कसं काय पाठवलंत?" तिने विचारलं. "कोणी तुमचं काहीही करू शकलं नसतं."

"हो, ते खरं," तो गोंधळून म्हणाला. "पण पैसे तर माझ्याकडे परत आले होते ना, बाई?"

ती स्टुलावर टेकली.

"तुम्हाला अजून हवंय का?" तिने विचारलं.

"हवंय की. मुलीसाठी घेत होतो."

"मग आधी तुमच्या बँकेला सांगून ठेवा. माझी बँक 'आता हे पैसे परत जाणार नाहीत' असं म्हणेपर्यंत मी बटण दाबणार नाही."

"थांबतो. जहाज रविवारपर्यंत इथेच आहे."

पैसे पुन्हा जमा झाले आणि ते आता परत जाणार नाहीत, असा होकार शनिवारी बँकेतल्या बाईंनी दिला. तिने हात स्वच्छ धुऊन पुसले, बहिणीला शेजारी बसवलं आणि बटण दाबलं.