हातगुण

"दाखव गं त्यांना," कंपाउंडरकाका म्हणाले, आणि काकूंनी उजवा हात पुढे केला.

वरच्या मजल्यावरच्या बाई दारातच उभ्या होत्या. त्यांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला आणि काकूंचा तळवा उजेडाकडे वळवला. कापड कापताना मधल्या बोटाच्या मुळाशी शिवणकामाच्या कात्रीचं टोक चांगलं खोल घुसलं होतं, हे सांगूनही पटू नये अशी तिथली कातडी मिटली होती. एक गुलाबी रेघ, बस.

"कमाल आहे हो तुमची. नुसत्या फुलांच्या पाण्यानं?"

"अर्क म्हणा. कॅलेंडुला," काकांनी सुधारलं. "लोक झेंडू म्हणतात, पण झेंडू नव्हे तो. झेंडूचा लांबचा चुलतभाऊ. पूर्वी लढाईतल्या जखमांवर याच्या पाकळ्या ठेचून बांधायचे. दात काढला, याच्या गुळण्या करा. भाजलं, मलम लावा. बाळंतिणीला दूध पाजताना जर..." इथे आपण कुणाशी बोलतोय याचं त्यांना भान आलं. "असो. पुष्कळ उपयोग आहेत."

"डॉक्टरांपेक्षा तुमचाच हातगुण म्हणायचा," बाई म्हणाल्या आणि कौतुकानं त्यांनी त्या रेघेवरून अंगठा दाबून फिरवला.

काकूंच्या तोंडून आवाज निघाला नाही. ओठ मात्र पांढरे पडले, आणि दुसऱ्याच क्षणी त्या हसल्या. "बसा ना, चहा टाकते," त्या म्हणाल्या.

काकांची नजर त्या हसण्यावर अडकली. उभा जन्म दुखणाऱ्या माणसांची तोंडं बघण्यात गेला होता त्यांचा. असलं हसू त्यांच्या चांगलं ओळखीचं होतं. फक्त आपल्या घरात ते कधी दिसेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

बाई चहाला थांबल्या नाहीत. दार लागताच काका म्हणाले, "हात बघू."

"आत्ताच तर बघितलात सगळ्यांनी."

"अगं, बघू म्हणतो ना."

काकूंनी हात पदराखाली घेतला.

काका एरवी आवाज चढवणारे नव्हते. होमिओपॅथीच्या दवाखान्यात आवाज चढवण्याचं कारणच पडत नाही. तिथे डॉक्टर तासभर प्रश्न विचारणार, पुस्तकं चाळणार आणि औषध ठरवणार. काकांनी साखरेच्या बारीक गोळ्यांवर थेंब टाकून बाटली हलवून द्यायची. गुण आला की पेशंट डॉक्टरांचे तोंडभरून आभार मानणार आणि जाताना काकांना विचारणार, माझी छत्री इथेच राहिली होती का हो? थोरल्या डॉक्टरांच्या काळात हेच, आता त्यांच्या मुलीच्या काळातही हेच. काकांची तक्रार नव्हती. पण गॅलरीत रंगाच्या जुन्या डब्यांमध्ये त्यांनी ती पिवळी फुलं लावली होती, पाकळ्या स्पिरिटमध्ये मुरवून अर्क काढला होता, आणि ती बाटली तेवढी जगात त्यांची स्वतःची होती.

कात्री लागली त्या दिवशी हॉस्पिटलात जखम धुतली, इंजेक्शन दिलं, दोन दिवसांनी दाखवायला या म्हणून सांगितलं. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनीही बजावलं, "काका, घाव खोल आहे. तुमचा अर्क लावू नका. तोंड पटकन मिटतं आणि आतली घाण आतच कोंडते." काकांना हे नवीन नव्हतं. दवाखान्याच्या खिडकीतून हेच वाक्य ते स्वतः लोकांना ऐकवत. पण घरी आल्यावर बाटली समोर दिसली. नुसतं धुवायला म्हणून थोडासा घेतला. दुसऱ्या दिवशी जखमेच्या कडा एकमेकींकडे सरकलेल्या दिसल्या आणि काका हुरळले. मग सकाळ-संध्याकाळ सुरूच झालं. हॉस्पिटलात दाखवायला जायचं राहून गेलं, म्हणजे जायचं कशाला असं झालं. इमारतीतली माणसं हात बघायला येऊ लागली. काका जिना चढताना शीळ घालू लागले होते.

"अगं, हात दे," ते आता म्हणाले, आणि त्यांनी तो ओढूनच घेतला.

तळव्याकडे त्यांनी बघितलंच नाही. हात उलटा केला. मागची बाजू टम्म फुगली होती. मधलं बोट आकड्यासारखं वाकलं होतं आणि सरळ करायला गेल्यावर काकूंचा श्वास अडकला. हात तापलेला होता. एवढ्या उकाड्यात ही पूर्ण बाह्यांचा स्वेटर का घालून बसली आहे, हे त्यांना सकाळपासून दिसत होतं. त्यांनी विचारलं नव्हतं. आता बाही वर सारली. मनगटापासून कोपरापर्यंत एक लाल ओळ चढत गेली होती.

काका उठून फोनकडे गेले. त्यांनी डॉक्टरीणबाईंना फोन लावला आणि दिसलं तेवढं सांगितलं.

"काका," पलीकडून आवाज आला, "अर्क लावलात?"

काकांनी अर्काच्या बाटलीकडे पाहिलं.

"टॅक्सी करा. आत्ता. मी हॉस्पिटलात फोन करते, तुम्ही फक्त पोचा."

टॅक्सीत काकू खिडकीला टेकून बसल्या होत्या. अंगात हुडहुडी भरली होती. रस्त्यात गाड्या तुंबल्या होत्या आणि प्रत्येक सिग्नल मुद्दाम लाल होत असल्यासारखा वाटत होता. ती लाल ओळ आता कुठवर गेली असेल, हे बाही वर करून बघायचा काकांना धीर होईना.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"झाले बरेच दिवस. आत ठणकतं. हात खाली सोडला की जास्त."

"मग बोलली का नाहीस? तोंड शिवलं होतं का?"

काकूंनी स्वेटरची बाही खाली ओढली. "रोज हात धुताना तुम्ही एवढे खूश असायचात," त्या म्हणाल्या. "लोक येत होते. तुमचं नाव घेत होते. म्हटलं, दुखायचं थांबेल आपोआप."

काका सीटवर पुढे सरकले. पुढच्या काचेतून ते रस्ता बघत राहिले आणि पुढची गाडी हलावी म्हणून मनातल्या मनात तिला ढकलत राहिले.

हॉस्पिटलातला सर्जन तरुण होता, दमलेला होता. त्यानं हात दोन्हीकडून पाहिला, बोट किंचित हलवलं आणि काकूंच्या चेहऱ्याकडे पाहून लगेच सोडलं.

"पू आतून पसरलाय. लगेच उघडावं लागेल. बोट वाचेल की नाही, ते उघडल्यावरच कळेल." मग त्याचा आवाज कडक झाला. "तपासायला का आला नाहीत? घरी हे काय लावत होतात? कुणाची अक्कल ही?"

"माझीच," काकू चटकन म्हणाल्या. "ह्यांना माहीतसुद्धा नव्हतं. ह्यांनी बजावलं होतं मला, लावू नको म्हणून."

सर्जननं मान हलवली. असली उत्तरं त्याला रोजचीच असावीत. काकूंनी नवऱ्याकडे बघितलंच नाही. सगळं निस्तरून झालं होतं. काकांनी नुसतं गप्प राहायचं होतं, आणि गप्प राहण्याची तर त्यांना जन्माची सवय होती.

"नाही," काका म्हणाले.

"अहो, राहू द्या."

"मी लावत होतो, डॉक्टर. होमिओपॅथीच्या दवाखान्यात कंपाउंडर आहे मी. खोल जखमेवर लावायचं नसतं, हे मला माहीत होतं. तरी लावलं." त्यांनी काकूंकडे हात केला. "हिला काही बोलू नका."

सर्जन त्यांच्याकडे क्षणभर बघत राहिला. "आत घ्या यांना," त्यानं नर्सला सांगितलं.

बाकावर काका एकटे बसले. डॉक्टरीणबाई दवाखाना लवकर बंद करून आल्या आणि शेजारी बसल्या. लहानपणी ज्यांच्या टेबलाखाली त्या रिकाम्या बाटल्यांशी खेळल्या होत्या, त्या माणसाला काय बोलायचं, हे त्यांनाही उमगत नसावं.

बऱ्याच वेळानं सर्जन बाहेर आला. "बोट राहिलं," तो म्हणाला. "पण बोट हलवणारा आतला स्नायुबंध खराब झालाय. ते पुन्हा वाकेल असं धरून चालू नका. शिवणकाम करतात म्हणालात ना त्या?"

काकांनी मान डोलावली. बायांचे ब्लाउज, शाळेचे गणवेश, आणि काकांच्या अंगावरचा शर्टसुद्धा.

दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी बदलायला नर्स आली. सर्जननं जखम उघडीच ठेवली होती. आत लांब पट्टी भरलेली होती आणि ती रोज काढून नवी भरायची होती. "तळापासून भरत यायला हवी," ती म्हणाली. "वरून मिटू द्यायची नाही. काका, मनगट घट्ट धरा यांचं. दुखणार आहे."

काकांनी मनगट धरलं. नर्सनं आतल्या पट्टीचं टोक चिमट्यात पकडलं आणि ओढायला सुरुवात केली. काकूंचे ओठ पांढरे पडले. त्यांनी काकांकडे पाहिलं आणि त्या हसू लागल्या.

"हसू नकोस," काका म्हणाले.

"नाही हो, फारसं नाही..."

"हसू नकोस गं. माझ्यासमोर तरी नको."

काकूंचा चेहरा हळूहळू सैल झाला. मग हनुवटी थरथरली. "दुखतंय," त्या म्हणाल्या. "अहो, फार दुखतंय." आणि त्या एवढ्या मोठ्यानं रडू लागल्या की पलीकडच्या पलंगावरची बाई उठून बसली. काकांनी त्यांना उगी केलं नाही, आता बरं वाटेल असं सांगितलं नाही. ते मनगट धरून बसले आणि ऐकत राहिले.